ई-अभ्यासक्रमाची घडण आणि अध्यापकांचे प्रश्न : प्रस्तावना

विद्यार्थ्याने संगणकावर किंवा मोबाइलवर स्वतःच्या गतीने पूर्ण करावयाचा पाठ ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केला जातो, त्याला व्यवहारात 'ऑथरिंग टूल' असे म्हणतात. मजकूर, चित्रे, ध्वनी, व्हिडिओ आणि प्रश्न यांची पडद्यावर मांडणी करणे, विद्यार्थ्याच्या कोणत्या कृतीला कोणता प्रतिसाद मिळावा हे ठरवून देणे आणि शेवटी हे सर्व एका फाइलमध्ये बांधून अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या 'एलएमएस'वर, चढवण्याजोगे करणे, ही त्याची मुख्य कामे होत. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, अडोबी कॅप्टिव्हेट, लेक्टोरा आणि पॉवरपॉइंटच्या आतच बसणारे आयस्प्रिंग ही या वर्गातील विकत घ्यावयाची साधने आहेत, तर एचफाइव्हपी आणि ईएक्सई-लर्निंग ही विनामूल्य आणि मुक्त-स्रोत साधने आहेत. तयार झालेला पाठ ज्या प्रणालीवर ठेवला जातो, तिचे भारतातील महाविद्यालयांत सर्वाधिक परिचित असलेले नाव मूडल हे आहे.

या साधनांविषयी अध्यापक जे प्रश्न विचारतात ते वरवर पाहता बटणांचे प्रश्न असतात. तयार पॉवरपॉइंट आत कसे आणावे, पाठ पब्लिश करताना कोणता पर्याय निवडावा, विद्यार्थ्याने शेवटची स्लाइड पाहूनही प्रणालीवर 'अपूर्ण' असेच का दिसते, मराठी किंवा बंगाली अक्षरे का मोडतात, बरोबर लिहिलेले उत्तर चूक का ठरते, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात सापडतील असा समज असतो आणि त्यातील काहींची सापडतातही. परंतु बारकाईने पाहिल्यास यातील बहुतेक प्रश्न सॉफ्टवेअरच्या पोटात उद्भवत नाहीत. ते उद्भवतात सीमांवर, म्हणजे पाठ आणि प्रणाली जेथे भेटतात तेथे, लिपी आणि यंत्र जेथे भेटतात तेथे, आणि विषय शिकवणाऱ्याने जो निर्णय आधी घ्यायला हवा होता तो न घेता पडद्यापाशी जाऊन बसल्यावर. प्रस्तुत विवेचनाचा रोख या सीमांकडे आहे, आणि म्हणूनच त्यात कोणत्याही एका सॉफ्टवेअरच्या मेनूंची यादी देण्यापेक्षा प्रश्नाचे मूळ दाखवण्यावर भर दिलेला आहे.

विवेचनासाठी कोलकाता शहर समोर ठेवण्याला कारण आहे. तंत्रशिक्षणातील अध्यापकांना घडवण्यासाठी केंद्र सरकारने 1960च्या दशकात ज्या चार प्रादेशिक संस्था उभारल्या, त्यांपैकी पूर्व भारतासाठीची संस्था 1965 साली कोलकात्यात स्थापन झाली आणि आज ती राष्ट्रीय तंत्रशिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था या नावाने सॉल्ट लेकच्या तिसऱ्या सेक्टरमध्ये आहे. पश्चिम भारतासाठीची संस्था भोपाळला असून महाराष्ट्र तिच्या कक्षेत येतो. कोलकात्यातीलच सेंट झेवियर्स कॉलेजात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या व्यवस्थेतील शैक्षणिक बहुमाध्यम संशोधन केंद्र आहे. तसेच केंद्र पुणे विद्यापीठातही आहे. आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा दूरदर्शन कार्यक्रम 15 ऑगस्ट 1984 रोजी सुरू झाला, आणि अशा केंद्रांनी त्याच्यासाठी चित्रीकरण, लेखन आणि संपादन यांची जी शिस्त निर्माण केली, ती पुढे ई-अभ्यासक्रमांच्या कामी आली. 1997 साली स्थापन झालेले नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठ बंगाली माध्यमातून दूरशिक्षण देते, जसे 1989 साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठीतून देते. सॉल्ट लेकच्याच पाचव्या सेक्टरमध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची वसाहत आहे. एकाच वर्गात बंगाली, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा वावरत असलेल्या या शहरात लिपीचे आणि माध्यमाचे प्रश्न फार स्पष्ट दिसतात, आणि ते मराठी अध्यापकाच्या प्रश्नांहून वेगळे नाहीत.

या साधनांचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण 'कसे करावे' हा प्रश्न त्या इतिहासातूनच जन्माला आला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1960 साली सुरू झालेल्या 'प्लेटो' या संगणकीय अध्यापन-व्यवस्थेसाठी 'ट्यूटर' नावाची एक खास भाषा तयार करण्यात आली, ती याच हेतूने की विषयाच्या अध्यापकाने प्रोग्रामरवर अवलंबून न राहता स्वतः पाठ लिहावा. अशा पाठकर्त्यांना तेथे 'ऑथर' म्हणत. 1980च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'ऑथरवेअर'ने ती भाषाही दूर सारून पडद्यावर चिन्हे ओढून पाठ रचण्याची सोय दिली, आणि आजची सर्व साधने त्याच वाटेने आलेली आहेत. प्रोग्रामर मध्ये नसल्यामुळे अध्यापकाला स्वातंत्र्य मिळाले. परंतु प्रोग्रामर जे निर्णय गृहीत धरून परस्पर घेत असे, तेही अध्यापकाकडे आले आणि ते निर्णय आपल्याला घ्यावयाचे आहेत हे त्याला कोणी सांगितले नाही.

असा सर्वांत मोठा निर्णय 'पूर्ण' या स्थितीचा आहे. विद्यार्थ्याने पाठ संपवला तरी एलएमएसवर 'अपूर्ण' दिसते ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि तिचे उत्तर समजून घेण्यासाठी 'स्कॉर्म' ही संज्ञा आधी समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1997 साली सुरू केलेल्या एडीएल या उपक्रमातून हे प्रमाणक तयार झाले, आणि त्याची 2001 सालची 1.2 ही आवृत्ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. कोणत्याही साधनात तयार केलेला पाठ कोणत्याही प्रणालीवर चालावा आणि त्या दोघांनी एकमेकांशी ठरलेल्या शब्दांतच बोलावे, एवढाच त्याचा हेतू आहे. पाठ उघडला की तो प्रणालीला हाक मारतो, चालू असताना गुण, वेळ आणि स्थिती कळवत राहतो, आणि बंद होताना निरोप घेतो. स्थिती सांगण्यासाठी 1.2 आवृत्तीत अवघे सहा शब्द आहेत: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, पूर्ण, अपूर्ण, चाळलेला आणि न उघडलेला. हे सहाही शब्द एकाच रकान्यात बसवायचे असल्यामुळे 'पाठ पूर्ण केला पण चाचणीत नापास झाला' ही साधी, नित्याची अवस्था त्या रकान्यात मांडताच येत नाही. 'स्कॉर्म 2004' या पुढील आवृत्तीने पूर्णता आणि यश यांचे दोन रकाने वेगळे केले, ते याच अडचणीमुळे.

यावरून पब्लिश करतानाच्या त्या छोट्या खिडकीचे महत्त्व ध्यानात येईल. स्टोरीलाइनसारख्या साधनात पूर्णता कशावरून ठरवावी असे विचारले जाते: किती स्लाइड पाहिल्या यावरून, चाचणीच्या निकालावरून, की ठरावीक ठिकाणी पोहोचल्यावरून. अनेक जण एकूण स्लाइडची संख्या तशीच राहू देतात. पाठ सरळ रेषेत जाणारा असेल तर त्यात बिघडत नाही. परंतु रुग्णाची तपासणी किंवा यंत्रातील बिघाड शोधणे यांसारख्या विषयात विद्यार्थ्याच्या निवडीनुसार वाटा फुटत असतील, तर कोणताही विद्यार्थी सर्व स्लाइड कधीच पाहणार नाही आणि सर्वांचा पाठ कायमचा अपूर्ण राहील. दोष येथे सॉफ्टवेअरचा नाही. विद्यार्थ्याने काय केले म्हणजे शिकला असे मानावे, या प्रश्नाला उत्तर न देता पुढे गेल्याचा तो परिणाम आहे. तसेच निकाल कळवताना 'उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण' ही जोडी निवडावी की 'उत्तीर्ण किंवा अपूर्ण' ही, हाही निर्णय शैक्षणिकच आहे. पहिल्या जोडीत काही प्रणाली अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पुढची संधी न देता पाठ बंद करतात, तर दुसऱ्या जोडीत दार उघडे राहते. सरावासाठीच्या चाचणीत दुसरी जोडी निवडणे हेच न्याय्य होय.

पूर्णतेचा आणखी एक पदर प्रणालीच्या बाजूला असतो. मूडलवर स्कॉर्म पाठ ठेवला की त्या पाठाची स्वतःची स्थिती आणि मूडलच्या उपक्रम-पूर्णतेची अट या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि पाठाने 'उत्तीर्ण' कळवले तरी मूडलमध्ये अट 'पूर्ण' अशी ठेवलेली असेल तर खूण उमटत नाही. शिवाय विद्यार्थी पाठातील 'बाहेर पडा' हे बटण न दाबता ब्राउझरच बंद करतो, किंवा मध्येच लॉगिनची मुदत संपते, तेव्हा निरोपाचा संदेश प्रणालीपर्यंत पोहोचतच नाही. मोठ्या पाठांत एक छुपी मर्यादाही आड येते: विद्यार्थी कोठे थांबला हे लक्षात ठेवण्यासाठी 1.2 आवृत्तीत 4096 अक्षरांचीच जागा आहे, आणि पुष्कळ स्लाइड व प्रश्न असलेला पाठ ती ओलांडतो, त्यामुळे विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीपासून जावे लागते. पाठाचे लहान भाग करणे किंवा, आपली प्रणाली स्वीकारत असेल तर, 2004 आवृत्ती निवडणे हा त्यावरचा उपाय आहे. यांपैकी पहिला उपाय शिकणाऱ्याच्याही हिताचा आहे. अशा प्रसंगी बिघाड पाठात आहे की प्रणालीत हे ओळखण्याची एक खात्रीची रीत म्हणजे तोच पाठ 'स्कॉर्म क्लाउड' या चाचणीसाठीच्या स्थळावर चालवून पाहणे; तेथे तो नीट चालला, तर शोध आपल्या प्रणालीच्या सेटिंगमध्ये घ्यावा.

पब्लिश झालेला पाठ झिप फाइलच्या रूपात मिळतो आणि ती न उघडता तशीच चढवावयाची असते. पुष्कळदा ती कुतूहलाने उघडली जाते, आतील फोल्डर पुन्हा झिप केले जाते आणि मग प्रणाली ती नाकारते. त्या गठ्ठ्यात 'आयएमएस-मॅनिफेस्ट' नावाची एक सूची-फाइल असते, ती झिपच्या अगदी वरच्या पातळीवरच असावी लागते आणि पुन्हा झिप करताना ती एका फोल्डरच्या आत ढकलली जाते, एवढेच त्या नकाराचे कारण असते. स्कॉर्मनंतर आलेले 'एक्स-एपीआय' हे 2013 सालचे प्रमाणक प्रणालीबाहेरील अध्ययनाचीही नोंद घेऊ शकते. परंतु आपली प्रणाली ते स्वीकारते की नाही याची चौकशी केल्याशिवाय तो पर्याय निवडू नये.

तयार पॉवरपॉइंट आत आणण्याचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे, कारण बहुतेक साधने ते एका आज्ञेसरशी घेतात. अडचण त्यानंतरची आहे. वर्गात दाखवण्याची स्लाइड ही अध्यापकाच्या बोलण्याला आधार देण्यासाठी असते, आणि तो बोलणारा माणूस काढून घेतल्यावर तिच्यावर चार त्रोटक ओळी उरतात. 9 जुलै 2017 रोजी सुरू झालेल्या 'स्वयम्' या राष्ट्रीय व्यासपीठाने अभ्यासक्रमाचे चार भाग मानले: व्हिडिओ व्याख्यान, छापून घेता येईल असे वाचनसाहित्य, स्व-मूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकांसाठी चर्चेची जागा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021च्या नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय या व्यासपीठावरून पूर्ण करता येत असल्यामुळे ही चौकट अनेक महाविद्यालयांच्या कामाचा भाग झाली आहे. तिचा खरा उपयोग असा की ती अध्यापकाला विचारते, या पाठातील कोणता भाग सांगण्याचा, कोणता वाचण्याचा, कोणता करून पाहण्याचा आणि कोणता विचारण्याचा आहे. हे कागदावर ठरले, म्हणजे ज्याला या व्यवसायात 'स्टोरीबोर्ड' म्हणतात तो तयार झाला, की ट्रिगर, लेअर आणि व्हेरिएबल यांचे प्रश्न निम्म्याने कमी होतात. ट्रिगर म्हणजे 'अमुक घडले की अमुक करावे' ही सूचना, लेअर म्हणजे एकाच स्लाइडवर गरजेपुरता उघडणारा थर, आणि व्हेरिएबल म्हणजे विद्यार्थ्याने आधी काय निवडले ते लक्षात ठेवणारा कप्पा. या तिन्हींची गरज कोठे आहे हे विषयच सांगतो. ती न ओळखता शिकलेले तंत्र पाठाला केवळ हलता करते.

आता लिपीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, आणि तेथे जरा थांबले पाहिजे, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत या प्रश्नाला जवळजवळ स्थान नसते. भारतीय भाषेतील पाठ्यसाहित्य नव्या यंत्रावर चढवताना अक्षरांची जी झटापट होते, तिला कोलकात्याच्या परिसरात दोन शतकांची परंपरा आहे. 1800 साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी शिकवणारे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथील मिशन प्रेसमध्ये छापले गेले आणि त्यात व्याकरणाच्या जोडीला नित्य व्यवहारातील संवादही दिलेले होते. 1810 सालच्या त्यांच्या मराठी कोशासाठी मोडी अक्षरांचे खिळे पाडण्यात आले. मराठी शिकवण्याची छापील साधने अशा रीतीने मराठी मुलखापासून फार दूर बंगालमध्ये तयार झाली आणि ती घडवणाऱ्यांना वैजनाथ पंडितांसारख्या मराठी जाणकाराबरोबरच अक्षरे कोरणाऱ्या बंगाली कारागिरांचीही गरज पडली. पाठाचा कर्ता आणि अक्षराचा जाणकार यांनी एकत्र बसल्याशिवाय काम पार पडत नाही, हे तेव्हाइतकेच आजही खरे आहे.

आजच्या झटापटीचे पहिले कारण जुने फॉन्ट हे आहे. युनिकोडपूर्वीच्या काळात टंकलिखित केलेले मराठी आणि बंगाली साहित्य पुष्कळ अध्यापकांपाशी आहे, आणि त्या फाइलींमध्ये अक्षराची ओळख साठवलेली नसून केवळ आकार साठवलेला असतो. ते विशिष्ट फॉन्ट असलेल्या संगणकावर हे साहित्य वाचता येते आणि ऑथरिंग टूलमध्ये नेताच इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसू लागतो. अशा मजकुराचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून, तो मूळ प्रतीशी ओळीओळीने ताडून, मगच आत न्यावा. विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी रूपांतर चुकते, कारण जुन्या पद्धतीत ती चिन्हे दिसण्याच्या क्रमाने आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. बंगालीत तर अक्षराच्या डावीकडे दिसणारी स्वरचिन्हे अधिक असल्यामुळे हा घोटाळा आणखी वाढतो.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि ते थेट विद्यार्थ्याच्या गुणांवर परिणाम करते. रिकाम्या जागी शब्द टंकलिखित करण्याच्या प्रश्नात सॉफ्टवेअर विद्यार्थ्याच्या उत्तराची अध्यापकाने दिलेल्या उत्तराशी अक्षरशः तुलना करते. मराठीतील 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारांनी टंकलिखित होतो: एकात 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण-संकेत वापरून, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. बंगाली लिपीतील खाली टिंब असलेला 'य', जो 'समय' या साध्या शब्दाच्या अखेरीस येतो, तोही एकसंध आणि टिंब जोडून अशा दोन प्रकारांनी साठवला जातो. मोबाइलवरील एका कीबोर्डने लिहिणारा विद्यार्थी उत्तीर्ण आणि दुसऱ्या कीबोर्डने तेच उत्तर लिहिणारा अनुत्तीर्ण, असा अन्याय त्यातून घडतो आणि त्याचे कारण विद्यार्थ्याला किंवा अध्यापकालाही दिसत नाही. तोच प्रकार अंकांचा आहे: संख्या भरण्याच्या चौकटीत विद्यार्थ्याने '२५' असे देवनागरीत लिहिले, तर सॉफ्टवेअरच्या मागे चालणारी जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. यावर उपाय असा की स्वीकारार्ह उत्तरांच्या यादीत सर्व रूपे द्यावीत, संख्येच्या प्रश्नाआधी कोणते अंक वापरावेत ते स्पष्ट लिहावे, आणि जेथे शुद्धलेखन तपासणे हा उद्देश नाही तेथे शब्द लिहून घेण्याऐवजी निवडून घ्यावा. एखाद्या भाषेच्या विद्यार्थ्याला केवळ त्याच्या कीबोर्डमुळे गुण गमवावे लागणे ही क्षुल्लक तांत्रिक बाब मानता येणार नाही.

फॉन्टविषयी आणखी एक सूचना. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत, आणि काही देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पृष्ठाची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तरच मराठी वळण उमटते. ही भाषेची नोंद बहुतेक जण इंग्रजीवरच राहू देतात. ती बदलण्याचा आणखी एक लाभ असा की दृष्टिहीन विद्यार्थी वापरतात ते स्क्रीन-रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, त्या नोंदीवरूनच उच्चार ठरवते. मजकूर चित्र म्हणून चिकटवला असेल, तर मात्र स्क्रीन-रीडरला काहीच वाचता येत नाही. अक्षरे मोडतात म्हणून शब्दांचे चित्र करून लावण्याची सवय सर्वत्र पसरली आहे. ती सोडून देण्याची वेळ आता आली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर दिव्यांगांना सुगम असावा अशी तरतूद असल्यामुळे हा विषय केवळ सद्भावनेचा राहिलेला नाही. प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी मजकूर देणे, व्हॉइस-ओव्हर असलेल्या प्रत्येक स्लाइडला सबटायटल जोडणे, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक 4.5 ला 1 या जागतिक निकषापेक्षा कमी न ठेवणे, आणि माऊस न वापरता केवळ कीबोर्डने पाठ पूर्ण करता येतो की नाही हे स्वतः करून पाहणे, एवढी कामे तरी प्रत्येक पाठकर्त्याने करावीत. वस्तू ओढून योग्य जागी टाकण्याचे प्रश्न आकर्षक दिसतात, परंतु कीबोर्डच्या कसोटीला ते बहुधा उतरत नाहीत. तेथे दुसरा पर्याय द्यावा. सबटायटलचा लाभ श्रवणदोष असलेल्यांपुरता मर्यादित नाही. गर्दीच्या लोकलमध्ये आवाज बंद ठेवून मोबाइलवर पाठ पाहणारा सियालदहचा किंवा कल्याणचा विद्यार्थीही त्याच ओळी वाचतो.

साधन कोणते घ्यावे या प्रश्नाला फार जागा देण्याचे कारण नाही. वर्षाला वर्गणी भरावी लागणारी साधने अधिक सोयी देतात, आणि वाटा फुटणारे गुंतागुंतीचे पाठ वारंवार तयार करणाऱ्या संस्थेने ती घ्यावीत. एकट्या अध्यापकाने मूडलबरोबर एचफाइव्हपी वापरून सुरुवात केली तर त्याचे फारसे काही अडणार नाही. महाराष्ट्रात 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 'एमएस-सीआयटी' या संगणक-अभ्यासक्रमाच्या निमित्ताने मराठीतून संगणकावर शिकण्याची सवय गावोगाव पोहोचवली, ती साधनापेक्षा भाषा, आशय आणि केंद्रातील मार्गदर्शक यांच्या बळावर. अलीकडे ऑथरिंग टूलमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने मजकूर आणि प्रश्न सुचवण्याची सोय आली आहे. मराठी किंवा बंगालीत तिने दिलेले प्रत्येक वाक्य विषयतज्ज्ञाने वाचल्याशिवाय पाठात घेऊ नये.

अखेरचा प्रश्न जुन्या पाठांचा आहे आणि तो सर्वांत क्लेशदायक आहे. सन 2000 नंतरच्या दीड दशकात तयार झालेले असंख्य ई-पाठ फ्लॅश या तंत्रावर आधारलेले होते. अडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरमध्ये असा आशय चालणेच बंद झाले. ज्यांनी पाठाची मूळ फाइल, म्हणजे ऑथरिंग टूलमध्ये पुन्हा उघडून दुरुस्त करता येणारी फाइल, जपून ठेवली होती, त्यांना ती नव्या आवृत्तीत उघडून एचटीएमएल-5 मध्ये पुन्हा पब्लिश करता आली. ज्यांच्यापाशी केवळ पब्लिश झालेला गठ्ठा उरला होता, त्यांना 'रफल'सारख्या अनुकरण करणाऱ्या मुक्त-स्रोत साधनावर विसंबावे लागले किंवा पाठ नव्याने लिहावा लागला. चांगल्या अध्यापकांचे वर्षानुवर्षांचे श्रम अशा रीतीने वाया गेले, आणि ते टाळता येण्याजोगे होते.

म्हणून प्रत्येक विभागप्रमुखाला आणि पाठकर्त्याला आग्रहाची विनंती अशी की पाठ प्रणालीवर चढवून झाल्यावर काम संपले असे मानू नये. मूळ फाइल, वापरलेले युनिकोड फॉन्ट, ध्वनिमुद्रणे आणि त्यांची लिखित संहिता, चित्रांचे परवाने, सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती आणि पूर्णतेची कोणती अट ठेवली त्याची नोंद, हे सर्व एका फोल्डरमध्ये घालून त्याची एक प्रत अध्यापकाच्या लॅपटॉपबाहेर, संस्थेच्या ग्रंथालयाच्या ताब्यात द्यावी, आणि अध्यापक निवृत्त होताना किंवा बदलून जाताना ती प्रत उघडते की नाही हे दोघांनी मिळून तपासावे.